कामिगिन: ६४ किलोमीटरच्या बेटाला तीन रात्री का द्याव्यात

फिलिपिन्समध्ये मिंडानाओ या मोठ्या बेटाच्या उत्तरेला असलेलं कामिगिन हे बेट म्हणजेच एक अख्खा प्रांत. बेटाला वळसा घालणारा रस्ता जेमतेम ६४ किलोमीटरचा. नकाशा बघून बरेच जण एका दिवसात उरकायचं ठरवतात आणि तिथेच फसतात. इथलं वेळापत्रक अंतरावर नाही, समुद्र आणि उन्हावर ठरतं. तीन रात्री हव्यातच.

भारतीय पासपोर्टवर २०२५ पासून पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्टची सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी आणि परतीचं तिकीट जवळ हवं. तिकिटं काढण्याआधी नियम पुन्हा तपासा. देशात उतरण्यापूर्वीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट बनावट असतात.

कामिगिनला जायचं ते मिंडानाओवरच्या कागायान दे ओरो या शहरातून. तिथला लागिंदिंगान विमानतळ शहराच्या पश्चिमेला, तर बालिंगोआन बंदर पूर्वेला. त्यामुळे शहर ओलांडण्यात वेळ जातो. आगोरा स्टँडवरून बसने बालिंगोआनला साधारण दोन तास लागतात, पुढे कामिगिनच्या बेनोनी बंदरापर्यंत फेरीबोटीने तास-दीड तास. विमान दुपारनंतर उतरणार असेल तर ती रात्र शहरातच काढा. बंदरावर टर्मिनल शुल्क तिकिटाव्यतिरिक्त द्यावं लागतं. सुटे पेसो ठेवा. एटीएम मुख्यत्वे मांबाहाओ या राजधानीत आणि मोजकीच, म्हणून रोकड शहरातूनच आणलेली बरी.

मुक्काम मांबाहाओ किंवा युंबिंगला करा. फिरायला स्कूटर सगळ्यांत सोयीची. इंग्रजीत छापलेला परदेशी परवाना ९० दिवस चालतो, पण त्यावर दुचाकीची नोंद हवी. नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. वाहनं उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर याची सवय पटकन होते. चूक होते ती पेट्रोल भरून किंवा फोटो काढून पुन्हा रस्त्यावर येताना. स्कूटर नको असेल तर मोटोरेला, म्हणजे तिथली तीनचाकी, दिवसभरासाठी ठरवता येते. भाडं आणि थांबे निघण्याआधीच बोलून घ्या.

वळसा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घाला. सकाळी लवकर माहिनोगहून होडीने मांतिगे बेट गाठा, कारण वारा बहुधा दुपारी वाढतो. मग बेनोनी, गिन्सिलिबान, सागाय करत दुपारच्या उन्हात कातार्मानच्या सांतो निन्यो या थंड झऱ्यात उतरा. संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावर बुडालेल्या कब्रस्तानापाशी पोचता. १८७१ मध्ये सुरू झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकात इथली जुनी वस्ती उद्ध्वस्त झाली आणि कब्रस्तान समुद्रात गेलं. तिथे पाण्यात मोठा क्रूस उभा आहे. सूर्य त्याच्या मागे मावळतो. उलट दिशेने निघालात तर इथे सकाळी पोचाल आणि हीच वेळ हुकेल. अंधार झपाट्याने पडतो आणि रस्त्यावर कुत्री आडवी येतात, तेव्हा रेंगाळू नका.

व्हाइट आयलंडसाठी वेगळी पहाट राखून ठेवा. युंबिंगहून होडी जाते. भाडं माणशी नसून होडीमागे असतं, त्यामुळे एकटे असाल तर सोबती शोधा. तो नुसता वाळूचा पट्टा आहे: झाड नाही, सावली नाही. भरतीला तो आक्रसतो, म्हणून भरतीची वेळ आदल्या दिवशी विचारा आणि नऊच्या आत परता.

कातिबावासान धबधबा सुमारे ७० मीटर उंच. आर्डेंटचं गरम कुंड दुपारी नकोसं होतं, रात्री मात्र फार बरं वाटतं. हिबोक-हिबोक या ज्वालामुखीवर (१,३३२ मीटर) चढायचं तर परवानगी आणि वाटाड्या लागतात, आणि पावसानंतर वाट भलतीच निसरडी होते. ही चढाई सरसकट सगळ्यांसाठी नाही.

शाकाहारी माणसाचे थोडे हाल होतात. भाजीतही डुकराचं मांस किंवा कोळंबीची पेस्ट असते. ‘वालाय कार्ने, वालाय इस्दा’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं आधीच सांगा. पास्तेल हा इथला प्रसिद्ध गोड पाव, पण त्याच्या सारणात अंडं असतं.

मार्च ते मे कोरडा काळ, पण ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात लोक बेटाला पायी प्रदक्षिणा घालतात. तेव्हा खोल्या मिळत नाहीत. लान्सोनेस फळाचा उत्सव ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त, आणि समुद्र खवळला की तटरक्षक दल फेऱ्या थांबवतं. म्हणून परतीचं विमान फेरीबोटीच्याच दिवशीचं घेऊ नका; मध्ये एक रात्र कागायान दे ओरोत ठेवा.