मंद उजेडातलं व्यक्तिचित्र मोकळ्या फटकाऱ्यांत रंगवताना या चुका टाळा

तैलरंगातले असे चेहरे सर्वांत जास्त बिघडतात ते घोटण्यामुळे. उजेड मऊ आहे म्हणून गालावरचे ओले रंग एकमेकांत घोटत बसलं की चेहरा मेणाचा दिसू लागतो. खिडकीतून येणाऱ्या मंद उजेडात कडा हळुवार होतात खऱ्या, पण कपाळाचं वळण आणि गालाच्या हाडाखालचा उतार वेगवेगळे राहतातच. म्हणून उजेड आणि सावलीमधली छटा पॅलेटवरच मिसळा, एका फटकाऱ्यात जागेवर ठेवा आणि हात उचला. कुठली कडा हरवू द्यायची ते त्यानंतर ठरवा. सावलीतले केस पार्श्वभूमीत विरघळले तर बिघडत नाही. उजेडातल्या नाकाची एखादी कडा मात्र ठाम हवी. डोळे किलकिले करून बघा, कुठली कडा टिकते ते लगेच दिसतं. हात मोकळा सोडायचा तर छटांची पारख पक्की हवी, असं माझं ठाम मत आहे.

उजेड दाखवायला पांढरा ओतणं ही दुसरी चूक. टिटॅनियम व्हाइट रंग उजळ करतो तसा थंडही करतो आणि त्वचा खडूसारखी दिसते. सोबत थोडा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, हवाच. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न यांची मर्यादित पॅलेट प्रसिद्ध आहे: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा. त्या उबदार रंगांशेजारी काळ्या-पांढऱ्याचा करडा चक्क निळसर भासतो. सावलीसाठी वेगळा निळा घ्यावाच लागतो असं नाही.

मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं एस. एल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहा. ते जलरंगात आहे, शैलीही वेगळी, पण धडा तोच. ज्योतीवर आडोसा धरलेली बोटं तेजाळतात, कारण भोवतालचा अंधार हळदणकरांनी मनापासून रंगवला आहे. आपण मात्र पार्श्वभूमी शेवटी उरकतो.

बारीक ब्रशने डोळ्यांपासून सुरुवात करू नका. रुंद फ्लॅट ब्रशने मोठे आकार आधी बसवा. बुबुळाभोवतीचा भाग शुद्ध पांढरा नसतो. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ ठेवा, तेलाचं प्रमाण वरच्या थरांत वाढवा. उलट केलंत तर पुढे तडे जातात.

आणि रंग मळलाच, तर त्यावर आणखी रंग चढवू नका. ओला असतानाच पॅलेट नाइफने खरवडून काढा. कॅनव्हासच्या विणीत उरलेली पुसट छटा पुढच्या फटकाऱ्यांना चांगला आधार देते.