सिस्टर कोरिटांची चौकट घेऊन आठवडी बाजारात

चित्रकलेच्या तासाला मुलं दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढतात. परभणीच्या आमच्या सपाट काळ्या रानात असं दृश्य कुणी पाहिलेलं नसतं, तरी काढतात. यावर मी शाळेत वापरते तो उपाय एका कॅथलिक सिस्टरांचा आहे.

कोरिटा केंट १९३६ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या 'इमॅक्युलेट हार्ट' या सिस्टरांच्या संघात दाखल झाल्या आणि पुढं तिथल्याच कॉलेजात कला शिकवू लागल्या. पुठ्ठ्याला खिडकी कापून चौकट करायची आणि तीतून बघायला त्या विद्यार्थिनींना पेट्रोल पंपावर, दुकानांत न्यायच्या. ब्रेडच्या पाकिटावरचे रंगीत ठिपके १९६२ मध्ये त्यांच्या स्क्रीन प्रिंटमध्ये (ताणलेल्या कापडातून रंग ओढून केलेल्या छपाईत) चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात ती पवित्र भाकर होऊन आले. रोजच्या बाजारातलं काहीच त्यांना कमअस्सल वाटलं नाही, म्हणून मला त्या फार जवळच्या वाटतात.

जुन्या लग्नपत्रिकेच्या मधोमध साधारण अडीच बाय साडेतीन सेंटिमीटरची खिडकी कापा. एक डोळा मिटून त्यातून बघायचं. पत्रिका डोळ्याजवळ धरली की पुष्कळ दिसतं, हात लांब केला की थोडंच. बाजाराच्या दिवशी मुलांना कृषी सेवा केंद्रासमोर उभं करा. कापसाच्या बियाणाच्या पिशव्या, खताची पोती, दुकानाची पाटी. खिडकीत अर्धंच अक्षर आलं तर अर्धंच काढायचं. पूर्ण करायला जाऊ देऊ नका. 'ठ'चा नुसता गोल आणि शेजारी पोत्याची शिवण, एवढ्यावर सुंदर चित्र होतं. घाई नको. एका जागी दहा मिनिटं तरी थांबवा.

आता छपाई. भरतकामाच्या रिंगमध्ये ऑर्गंडी, म्हणजे पातळ कडक सुती कापड, ताणून बसवा, बोटानं वाजवलं तर टणटणली पाहिजे. रिंगपेक्षा मोठ्या कागदावर अक्षर कटरनं कापा. धार मोठ्यांच्याच हातात असू द्या. अक्षर सुलटंच कापायचं, या छपाईत ते उलटत नाही. खाली कोरा कागद, त्यावर कापलेला कागद, वर कापड टेकेल अशी रिंग. 'ठ', 'व', 'ब' यांच्या पोटातले तुकडे सुटे होतात, ते फेकू नका. रिंग ठेवण्याआधी आपापल्या जागी मांडा. पहिल्या हातालाच रंग त्यांना कापडाला चिकटवून टाकतो. पोस्टर कलर दह्याइतका दाट हवा. पातळ झाला की कडेनं पसरलाच. जुन्या चपलेच्या सपाट रबराच्या तुकड्यानं रंग कापडावरून एका दमात ओढा आणि रिंग सरळ वर उचला. छपाई संपली की कापड लगेच धुवा, वाळला तर रंग भोकांत बसतो.

छापताना "बाई, चांगलं झालं का?" असं मुलं विचारतातच. कोरिटांनी वर्गासाठी केलेल्या दहा नियमांत एक असा आहे की निर्मिती आणि चिकित्सा एकाच वेळी करू नये, ती दोन वेगळी कामं आहेत. मी तेव्हा काहीच बोलत नाही. सगळे कागद दोरीवर वाळू घालतो आणि बोलणं दुसऱ्या दिवशीच्या तासाला.