नातवंडं, कुरडया आणि दहा दिवसांची बायबल शाळा

आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडून नगरच निघतं. एप्रिलअखेरीस माझ्या घरी पाच नातवंडं येतात, तीन पुण्याची आणि दोन नाशिकची. नेमकी तेव्हाच मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मुलांची उन्हाळी बायबल शाळा लागते, घरात वाळवणं असतात आणि आजारी माणसांच्या भेटीही उन्हामुळे थांबत नाहीत. अकरा उन्हाळे मी हे सगळं निभावलं आहे. त्यातले पहिले दोन वाईट गेले. ज्या आज्यांना हे जमवायचं आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सुरुवात मार्चअखेरीस करा, द्राक्षांपासून. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे उपासनेत सगळे भाकर आणि द्राक्षरस घेतात, आणि तो द्राक्षरस माझ्याकडे आहे. मे महिन्यात चांगली काळी द्राक्षं मिळत नाहीत, मिळाली तर भाव ऐकून परत यावं लागतं. म्हणून हंगाम संपायच्या आत दोन किलो घ्यायची, धुऊन, देठ काढून, वाटीभर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळू नका, टांगून ठेवा, नाहीतर रस गढूळ होतो. लिटरभर तरी निघतो. छोट्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवला की दोन रविवारांची काळजी मिटते. बाटली काठोकाठ भरू नका, गोठल्यावर फुटते. हे मी कसं शिकले ते विचारू नका.

मग कुरडया. पहिल्या वर्षी मी गहू भिजत घातले आणि बायबल शाळेच्या तयारीच्या सभांमध्ये गुंतले. पाणी बदलायचं राहून गेलं. चौथ्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढलं तर वास शेजारच्या अंगणापर्यंत गेला. पाच किलो गहू. गाईनंसुद्धा हुंगून तोंड फिरवलं. तेव्हापासून नियम केला: कुरडया मुलं आल्यावर पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी. मुलं येण्याआधी उरकून टाकावं असं सुनांना वाटतं, पण त्यात तोटा आहे. मुलं नसली तर चीक खाणार कोण आणि कावळे हाकलणार कोण?

गहू तीन दिवस भिजवायचे, रोज सकाळी पाणी बदलायचं. हे काम थोरल्या नातवाला द्या आणि कॅलेंडरवर त्याच्याकडूनच खूण करून घ्या. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर ठेवायचा. पहाटे पाचला उठून वरचं पाणी ओतून द्यायचं, जितका चीक तितकं पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ-हिंग घालायचं आणि एकानं ओतत, दुसऱ्यानं हाटत राहायचं. गुठळी झाली की संपलं. गरम चीक वाटीत घालून वर तेल, किंवा दूध-साखर. यावर घरात दोन पक्ष आहेत. आठच्या आत सोऱ्यानं सगळ्या घालून व्हायला हव्यात, मग गच्चीवर पाय ठेववत नाही.

राखणीला दोघं दोघं बसवा, जिन्याच्या सावलीत. नुसती बसली की मोबाइल मागतात. म्हणून मी त्यांच्या हातात बायबलमधलं स्तोत्र २३ देते. सहाच वचनं आहेत. पाच मुलांना एकेक आणि सहावं सगळ्यांनी मिळून. कुरडया कडक वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात स्तोत्र पाठ होतं.

खरी अडचण पाठांतराची नसते, वाचनाची असते. माझी पाचही नातवंडं इंग्रजी शाळेत जातात. मराठी बोलतात फाडफाड, पण जोडाक्षर आलं की गाडी थांबते. १ दिसला की नऊ म्हणतात, म्हणजे पहिला अध्याय काढ म्हटलं की नववा उघडतात. रागावून उपयोग नाही, ती शाळा आपल्याच मुलांनी निवडलेली आहे. मी असं करते: मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घ्यायचं आणि येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांतल्या पहिल्या, मत्तयापासून मुळीच सुरुवात करायची नाही. पहिल्याच पानावर वंशावळ, नावांची रांगच्या रांग. मूल तिथेच दमतं. मार्क घ्या. चारांमध्ये तोच आखूड, १६ अध्याय, आणि गोष्ट लगेच पळायला लागते. आधी मी पाच वचनं वाचते, बोट ओळीखाली सरकवत. मग तीच पाच मूल वाचतं. अडलं तर लगेच सांगायचं नाही, मनात तीन आकडे मोजायचे. रोज पाचच. सहावं मागितलं तरी नाही म्हणायचं, उद्या स्वतःहून पुस्तक आणतात.

हे वाचन कशासाठी, तर भेटींसाठी. बुधवारी संध्याकाळी साडेपाचनंतर मी मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे जाते, बरोबर एकच नातवंड. दोन नेली की ती आपापसांत खेळतात आणि घरच्यांना त्यांच्याकडे बघावं लागतं. वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही. 'चहा नको' आधीच, दारातच सांगायचं. गोड न्यायचं नाही, अर्ध्यांना साखर आहे. दोन लिंबं किंवा मूठभर कढीपत्ता न्या, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला अवघड वाटत नाही. आणि आल्या आल्या तब्येतीची चौकशी करू नका. त्यांनी ती त्या दिवशी चार जणांना सांगितलेली असते. मुलाला बोलू द्या.

मागच्या वर्षी नऊ वर्षांच्या नातीला एका आजोबांकडे नेलं. शिक्षक होते, आता दिसत नाही. 'जय ख्रिस्त' म्हणून ती खाटेशेजारी बसली आणि वाचायला लागली. अडखळत. एका शब्दावर थांबली, मी सवयीनं मनात आकडे मोजायला लागले, तेवढ्यात आजोबांनीच पुढचा शब्द सांगितला. पुढे ती अडेल तिथे ते सांगत गेले, डोळे छताकडे. शेवटी त्यांनी विचारलं, "कितवीत?" "चौथी." "मग इथे रोज ये, पाचवीपर्यंत वाचायला लावतो." ती रोज तर नाही, पण सुट्टीभर आठ वेळा गेली, एकटी, वही घेऊन. तिचं शुद्धलेखन त्यांनी कानानं तपासलं. ती एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायची.

आता शाळा. आमची मे महिन्यात दहा दिवस, सकाळी साडेसात ते साडेदहा, साधारण ७० मुलं. तयारीच्या सभेत मी दोनच गोष्टी पत्करते: चार ते सहा वर्षांचा वर्ग आणि सरबत. नाटक, बक्षिसं, सजावट, देणगीची पावतीपुस्तकं, सगळ्याला नाही. पाळकसाहेबांना हे सभेतच सांगा, नंतर फोनवर सांगितलं तर आपण रुसलो असं होतं. आपलं नातवंड आपल्या वर्गात घेऊ नका. ते तरी मांडीवर येऊन बसतं, नाहीतर आपण त्यालाच जास्त रागावतो.

सरबताचा हिशेब: ७० मुलांना प्रत्येकी पेलाभर म्हणजे १४ लिटर. ३५ लिंबं, दीड किलो साखर, चार चहाचे चमचे मीठ. मे महिन्यात लिंबू महाग, म्हणून दिवसाआड कैरीचं पन्हं करा. साखर आदल्या रात्री पाण्यात विरघळवून ठेवली तर सकाळी ढवळत बसावं लागत नाही. पाण्याचे जार आमचे हे आणून देतात, त्यांची सेवा तेवढीच आणि ती ते दहा वेळा सांगतात.

लहानांना शंभरातल्या हरवलेल्या एका मेंढराची येशूनं सांगितलेली गोष्ट सांगायची तर चिंचोके घेऊन जा, मोजून १००. सतरंजीवर सगळ्यांनी मिळून मोजायचे. मग डोळे मिटायला सांगून एक लपवायचा आणि पुन्हा मोजायला लावायचं. ९९ भरले की जी आरडाओरड होते, तिच्यापुढे चित्रांचा फळा फिका. मेंढपाळ समजावणं आमच्याकडे सोपं आहे. दिवाळीनंतर कोकणात उतरलेले धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसकट फिरणारी कुटुंबं, पावसाच्या आधी घाटावर परततात, तेव्हा रस्त्यानं कळप दिसतात. एकदा रिक्षा थांबवून मुलांना दाखवलं, पुढे घोड्यावर संसार, मागे मेंढरं. नातू म्हणाला, "आजी, हा शंभर मोजतो कसा?" मला सांगता आलं नाही.

गाण्यांवरून तरुण शिक्षकांशी माझं दरवर्षी वाजतं. त्यांना स्पीकरवरची, हातवाऱ्यांची गाणी हवीत. असू देत, मुलांना आवडतात. पण रोज एक भजन, पेटी आणि टाळांवर, हे मी सोडत नाही. अमेरिकन मिशन नगरला आलं १८३१ साली, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक याच गावात राहून अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं लिहीत होते. इथल्या मुलांना टाळ धरता येऊ नये, हे मला पटत नाही. शिकवायला सोपं: पहिले दोन दिवस टाळ देऊच नका, नुसत्या टाळ्या वाजवू द्या. तिसऱ्या दिवशी टाळांच्या दोनच जोड्या ठेवा. सात जोड्या एकदम दिल्या तर पाळकसाहेब उपासनेची खोली सोडून बाहेर येतात.

दुपारी एक ते चार दार बंद. कोणी मंडळीतलं आलं तरी हे बाहेरच्या बाहेर बोळवतात. मुलं झोपोत न झोपोत, आजीनं झोपायचं.

शाळेचा समारोप झाला की हजेरीपट त्याच दिवशी परत करा, घरी आणलात तर जूनपर्यंत फ्रीजवर राहतो. आणि मुलांच्या बॅगा भरताना कुरडयांचा डबा कपड्यांच्या वर ठेवा. खाली ठेवला तर शिरूरच्या आतच चुरा होतो.