जिन्याची पहिली पायरी ठेंगणी होऊ नये म्हणून

स्लॅब ते स्लॅब मोजून जिना ओतला, की फरशी बसल्यावर पहिली पायरी ठेंगणी आणि शेवटची उंच होते. मग रोज तिथेच ठेच. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा) ठोकण्याआधी एवढं करा:

१. खाली-वर फरशी बसल्यावर जी लेव्हल येणार, ती पाण्याच्या नळीने भिंतीवर मारा.
२. या दोन लेव्हलमधल्या उंचीचे समान भाग पाडून भिंतीवर खुणा करा. १२६ इंच असेल तर ७ इंचांचे १८ चढ (चढ म्हणजे एका पायरीची उंची).
३. प्रत्येक खुणेखाली पायरीवरची फरशी आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा मसाला, यांची मिळून जाडी सोडा (आमच्याकडे दीड इंच). काँक्रीट तिथवरच.

‘फरक नंतर मसाल्यात काढू’ असं गवंडी म्हणेल, ऐकू नका.

काँक्रीट ओतल्यावर ते ओलं राहायला हवं, पण जिन्याच्या उतारावर पाणी टिकत नाही, म्हणून पायऱ्यांवर गोणपाट पसरून गोणपाट सतत ओलं ठेवा. खालचे टेकू मात्र १४ दिवस हलवू नका.