आतड्यांच्या रेंगाळलेल्या संसर्गानंतरचा व्यायाम
अमिबा किंवा जिआर्डिया या आतड्यांतल्या सूक्ष्म परजीवींचा संसर्ग बरेच महिने रेंगाळला असेल, तर जुलाब थांबताच जिममध्ये वजने उचलू नयेत, कारण आतड्यांचे अस्तर सावरेपर्यंत खाल्लेले नीट अंगी लागत नाही. नागपुरातल्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठाने, बोलताना दम लागणार नाही इतके संथ चालावे. दुसऱ्या दिवशी थकवा उरला, तर वेळ वाढवू नये. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे सरकत असताना, उन्हे चढण्याआधी घरी परतावे. उकळून गार केलेल्या 1 लीटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि तसाच सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ घालून ते सोबत ठेवावे. रसवंतीचा बर्फ मात्र कटाक्षाने टाळावा. शौचात रक्त दिसल्यास किंवा ताप आल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.