सरासरीच्या मागे दडलेला थकवा

'वॉर इन द पॅसिफिक: अ‍ॅडमिरल्स एडिशन' हा दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक युद्धावरचा संगणकावरचा गेम मी पहिल्यांदा जपानच्या बाजूने खेळायला घेतला, तेव्हा माझं सगळं लक्ष विमानांच्या संख्येवर होतं. राबाउलवर, म्हणजे जपानच्या मोठ्या हवाई तळावर, झीरो ही लढाऊ विमानं किती, बेट्टी बॉम्बर किती, कारखान्यातून नवीन किती येणार. वैमानिकांची यादी उघडून बघावी हे बरेच दिवस सुचलंच नाही. ऑगस्ट १९४२ उजाडला, अमेरिकी मरीन सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकनालवर उतरले आणि मी राबाउलचे दोन्ही लढाऊ गट रोज तिकडे धाडू लागलो. पंधरा टर्न, म्हणजे पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी तळावर विमानं उभी होती, हवा स्वच्छ होती, तरी हल्ला निघाला नाही. गटाचं मनोबल पार तळाला गेलं होतं. अनुभवाचा आकडा ८० च्या वर असलेले वैमानिक मोजले, तर दोन्ही गटांत मिळून पाच उरले होते.

मला जास्त लागलं ते पुढचं. नुकसानीचा तक्ता उघडला तेव्हा कळलं की यातले बरेचसे शत्रूच्या गोळ्यांनी गेलेच नव्हते. परतीच्या वाटेवर, धावपट्टीवर उतरताना, दमलेल्या हातांनी गेले होते. या गेममध्ये थकवा आधी अपघातांतून बोलतो. चकमकींचे निकाल त्यानंतर बिघडतात, म्हणून नवख्याच्या ध्यानात यायला उशीर होतो.

राबाउल ते ग्वाडलकनाल हे अंतर सुमारे ५६५ सागरी मैल. गेमच्या नकाशावर एक षट्कोन ४० मैलांचा, म्हणजे चौदाएक षट्कोन जायचे आणि तेवढेच यायचे. ७ ऑगस्ट १९४२ ला जपानी झीरो-वैमानिक साबुरो साकाई डोक्यात गोळी लागलेल्या अवस्थेत, एका डोळ्याची दृष्टी गेलेली असताना, साडेचार तासांहून जास्त वेळ उडत राबाउलला परतला. एवढ्या अंतरावर जखमी वैमानिक किंवा खिळखिळं झालेलं विमान सहसा परत येत नाही. ऑक्टोबरमध्ये वाटेतल्या बुगनव्हिल बेटावरची बुइनची धावपट्टी वापरात येईपर्यंत जपानी वैमानिकांना ही खेप टाळता आली नाही. तुम्हाला येते. गटाला कमाल पल्ला ठरवून देता येतो, तो आकडा कमी करा. विमान तिथवर पोचतं एवढ्यावर रोज पाठवायचं ठरवू नका. मी आता लांबचा हल्ला एक दिवस करतो, मग निदान दोन दिवस गट जमिनीवर ठेवतो, आणि तेवढ्यात पुढची धावपट्टी बांधायला अभियंते लावतो.

तळाच्या डोक्यावरची संरक्षक गस्त, म्हणजे खेळाडूंच्या तोंडची कॅप, इथेही मी तीच चूक केली होती. गटातली ८० टक्के विमानं कॅपवर आणि विश्रांती शून्य. सुरुवातीचे काही दिवस फार सुरक्षित वाटतं. मग नेमका मोठा हल्ला येतो त्या दिवशी सगळे दमलेले असतात. आता माझी साधी मांडणी ४० टक्के कॅप, २० ते ३० टक्के विश्रांती अशी असते. हल्ल्याची चाहूल लागली तरच गस्त वाढवायची, आणि धोका सरला की त्याच टर्नला परत खाली आणायची. हे उतरवायचं राहून जातं, म्हणून मी शेजारी वही ठेवतो.

गटाच्या पानावर थकव्याची सरासरी दिसते. तिच्यावर विसंबू नका. दहा नवे, ताजे वैमानिक नुकतेच आले असतील तर सरासरी छान दिसते आणि तुमचे सहा जुने जाणते त्याआड झिजत असतात. यादी उघडा, थकव्याच्या रकान्यानुसार जास्त ते कमी अशी लावून घ्या, वरची पाच-सहा नावं वाचा. त्यांना राखीव यादीत टाका. नावं वाचायची सवय लागली की ती माणसं जपावीशी वाटू लागतात, आणि माझ्या मते हा गेम खरा तिथून उलगडतो.

टेहळणीच्या गटांकडे तर नवखे बघतच नाहीत. उडत्या नौका, म्हणजे पाण्यावर उतरणारी मोठी टेहळणी विमानं, महिनोन् महिने १०० टक्के शोधावर लावलेल्या असतात. एक दिवस शत्रूच्या विमानवाहू नौका त्यांच्या नजरेतून निसटतात आणि आपण नशिबाला बोल लावतो. शोधाचा कोन अरुंद करा, दोन गट आलटून पालटून वापरा. तळावर विमानदेखभालीची माणसं पुरेशी आहेत का हेही बघा. ती कमी असली की दुरुस्ती रखडते आणि थोड्याच विमानांवर सगळा भार येतो.

गट मागे कधी घ्यायचा? मोडण्याआधी. ब्रिटनच्या लढाईत ब्रिटिश लढाऊ विमानदलाचा प्रमुख डाउडिंग याने सप्टेंबर १९४० मध्ये स्क्वाड्रनांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. मुख्य लढाई अ वर्गाने करायची, आणि शांत भागातल्या क वर्गाने नव्यांना तयार करून पुढे पाठवायचं. अमेरिकी नौदलाने अनुभवी वैमानिक मायदेशी शिकवायला नेले. जपानने बहुतेकांना आघाडीवरच ठेवलं, आणि १९४४ पर्यंत त्यांच्या जागी आलेली मुलं फारच कच्ची होती. गेममध्ये जपान खेळतानाही ८० च्या वरचे काही वैमानिक तुम्ही प्रशिक्षण विभागात पाठवू शकता. पहिल्यांदा पाठवताना जीव तुटतो. आघाडी अडचणीत असताना सर्वांत चांगला माणूस काढून घ्यायचा! पण सहाएक महिन्यांनी तुमच्याकडे येणारी पोरं त्याच्याच हाताखालून आलेली असतात.

मी तीन गटांची साखळी चालवतो: एक आघाडीवर, एक विश्रांतीला, एक मागच्या तळावर सरावात. माझ्या मोहिमेत थकवा लवकर उतरायचा, मनोबल सावरायला मात्र जास्त दिवस लागायचे. म्हणून परत धाडण्याचा निर्णय मी मनोबलाचा आकडा बघूनच घेतो.

विमानवाहू नौकांची लढाई आली की हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. तिथे एका दिवसात सगळं पणाला लागतं, तेव्हा सगळे उडतील. त्यासाठीच आधीचे चार-पाच दिवस त्या गटांना शोधमोहिमा देऊ नका, ते काम क्रूझरवरच्या तरंगविमानांना द्या. आणि लढाई जिंकलात तरी दुसऱ्या दिवशी पाठलागाचा हुकूम देण्याआधी प्रत्येक नौकेवरच्या गटाची यादी एकदा उघडा. माझ्या दुसऱ्या मोहिमेत ती उघडली, आकडे बघितले आणि ताफा त्रुककडे, जपानच्या मागच्या नाविक तळाकडे, वळवला.