फी भरण्याआधी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, फोटोग्राफी शिकावी म्हणतोय, कुठला क्लास लावू?" विचारणारा चाळिशी ओलांडलेला असतो, घराचे हप्ते चालू असतात आणि कॅमेरा कुठला घ्यायचा हे त्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. मीही 43व्या वर्षी असाच उलटा निघालो आणि पैसे घालवून बसलो. म्हणून आता क्लासचं नाव सांगायच्या आधी मी दोन महिन्यांचा गृहपाठ देतो. मास्तर आहे, खोड जात नाही.

पहिलं काम जवळपास फुकटातलं. फोनमध्ये गेल्या वर्षभरात काढलेले फोटो एका बैठकीत बघून घ्या. पावत्या, फळ्यावरच्या सूचना, लग्नातले ग्रुप बाजूला सारा. कुणी सांगितलं नसताना, आपल्याच मनानं काढलेले जे उरतील त्यांतले 20 निवडा, स्टुडिओतून छापून आणा आणि चटईवर पसरा. मी पसरले तेव्हा 13 फोटोंत नुसते हात होते. मोंढ्यात गोणी शिवणारे, लातूरच्या गंजगोलाईत बांगड्या भरणारे, आईचे भाकरी थापणारे. तोवर मी जगाला सांगत होतो की मला पक्ष्यांचे फोटो काढायचेत, हिवाळ्यात जायकवाडीला रोहित (फ्लेमिंगो) येतात ते टिपायचेत. त्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स घ्यायचा बेतही पक्का होता. त्या चटईनं माझे बरेच पैसे वाचवले.

मग एक प्रश्न वहीत लिहा: कशाचा फोटो काढायचा राहून गेला तर जिवाला लागेल? माझं आजोळ औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपात माळवद खाली आलं आणि लोखंडी पेटीतले फोटोही त्याच मातीत गेले. आजीचा कुठल्याशा अर्जाला लावलेला एक फोटो तेवढा उरला, त्यावरही अर्धा शिक्का आहे. मला घरचं आणि रानातलं टिपायचं होतं: येळवशीला (वेळ अमावस्येला) रानात कडब्याच्या कोपीतली पूजा, आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन धुऱ्यानं चाललेली चुलती. असं उत्तर असेल तर मॉडेल उभी करून दिवे लावायला शिकवणारा क्लास आपल्या कामाचा नाही, मग तो कितीही नावाजलेला असो.

उत्तर 'चार पैसे सुटले पाहिजेत' असं असेल तर त्यात लाजायचं काही नाही, मात्र वाट वेगळी. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते. तो एक हंगाम गावातल्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली काढा. लाइटचा स्टँड धरा, बॅटऱ्या चार्ज करा, कार्डं सांभाळा. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता हवेत असतात, हा सगळा मिळून दोन-तीन सेकंदांचा मामला. त्या वेळी नवरीच्या मामाच्या खांद्याआडून वाट काढत बसलात तर फोटो गेला, आणि तो पुन्हा मागता येत नाही. कुठं उभं राहायचं, मामांना आधीच गोडीत काय सांगून ठेवायचं, शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) 1/250 सेकंदाच्या खाली, म्हणजे त्याहून संथ, का उतरू द्यायचं नाही, हे मांडवातच कळतं.

नंतर वेळेचा हिशेब, आणि इथं बहुतेकांची गाडी अडते. आठवडाभर खरोखर किती मोकळे तास मिळतात ते रोज रात्री लिहा; मनातला आकडा धरू नका. मला 9 तास वाटले होते, निघाले 4. त्यातही आपल्याकडे मे महिन्यात सकाळी साडेआठनंतर ऊन असं डोक्यावर येतं की माणसाच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबण्या दिसतात. म्हणजे शिकणं रात्री झालं तरी चालेल, सराव पहाटेच. घरच्यांशी हे आधी बोलून घ्या. रविवारी पहाटे तुम्ही बाहेर पडणार असाल तर दूध कोण आणणार, इथपासून.

वयाची काळजी सोडा. राजा दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीत होते, 1874मध्ये तिशीला आल्यावर त्यांनी कॅमेरा हातात घेतला. पुढं ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे वेरूळ-दौलताबादचे त्यांनी काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात. कैलास लेण्याचा त्यांचा फोटो शोधा, सावली कुठं पडली आहे ते बघा आणि मग आपण तिथं जाऊन उभे राहा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) वाढवून, खांबाला पाठ टेकवून, श्वास रोखून फोटो काढायची सवय घरातल्या अंधाऱ्या खोलीतच करून जा.

आता क्लास. गांधीनगरची एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), उटीची लाइट अँड लाइफ अकॅडमी इथलं शिक्षण पूर्णवेळ आहे, नोकरी सोडणाऱ्यांसाठी. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट अल्प मुदतीचे अभ्यासक्रम घेते, त्यांचं वेळापत्रक पाहून अर्जित रजा राखून ठेवता येते. बाकी गल्लोगल्ली निघालेले शनिवार-रविवारचे क्लास. अशा एका क्लासला मी मोठ्या शहरात रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सहा आठवडे जात होतो. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, पडद्यावर स्लाइडी, आणि शेवटच्या रविवारी किल्ल्यावर सगळ्यांनी मिळून एकाच मुलीचे फोटो काढले. सहा आठवड्यांत माझं कार्ड सरांनी एकदाही उघडून पाहिलं नाही. प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट करून दिलं.

त्यामुळे फी विचारण्याआधी हे विचारा: माझे फोटो कोण बघणार, किती वेळा बघणार, आणि चूक सगळ्यांदेखत सांगणार का? एका तुकडीत किती जण? एक दिवस मागं बसून बघू द्याल का? शिकवणाऱ्याचं स्वतःचं अलीकडचं काम मागून घ्या. शेवटच्या दोन प्रश्नांना टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत या.

कॅमेरा सगळ्यात शेवटी. दोन महिने फोनचा प्रो मोड वापरा. फोनचं अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बहुधा बदलत नाही, पण शटर आणि आयएसओ हाताशी येतात, सुरुवातीला तेवढं पुष्कळ. मग जुना डीएसएलआर बघायला गेलात तर शटर किती वेळा उडालंय तो आकडा विचारा, लेन्समधून टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं आहे का पाहा, आणि एफ/16वर, म्हणजे भोक बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ ठिपके होऊन दिसते. सोयाबीनची रास चालू असताना रानात लेन्स बदलायची नाही, हे मी 1200 रुपये सफाईला देऊन शिकलो. पहिला धडा मात्र आपल्या उन्हातच गिरवा. भर दुपारी निरभ्र आभाळाखाली आयएसओ 100, एफ/16, शटर 1/125 ठेवा, कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या मीटरकडे बघू नका, फोटो बरोबर येतो. मग एफ/8 करा, म्हणजे भोक मोठं. उजेड चौपट झाला, म्हणून शटर 1/500. हा पाढा पाठ झाला की क्लासचे पहिले दोन आठवडे तुमचे झालेच म्हणून समजा.

राहिलं फोटो बघणारं माणूस. मला ते क्लासमध्ये भेटलं नाही. आमच्या गल्लीत जुन्या स्टुडिओचे मामा आहेत, रोलच्या काळातले. दर गुरुवारी 10 प्रिंट घेऊन जातो, ते 8 उलटे ठेवतात आणि उरलेल्या दोनांवर बोलतात. असा कुणी सापडला की महिन्याचा क्लास पुढं ढकलला तरी चालेल. आणि ज्याचा फोटो काढला त्याला प्रिंट नेऊन द्यायची, हे यादीत ठळक लिहा. काढायच्या आधी विचारायचं हे तर आलंच. मोंढ्यातल्या एका हमालाला मी त्याच्या हातांचा फोटो दिला. दाभण, सुतळी, नखातली धूळ, सगळं लख्ख आलं होतं, मामांनीही सुलटा ठेवला होता. त्यानं प्रिंट उजेडाकडं धरून उलटी-पालटी केली.

"सर, हात माजेच हैत. तोंड कुटं गेलं?"

पुढच्या रविवारी तोंडाचा काढून दिला. बायकोला दाखवायला तोच नेला त्यानं.